गिऱ्हाईक कुणाचं?

परवा इचलकरंजीहून एका मित्राचा फोन आला. घरोघरी पाणी शुद्ध करायची यंत्रं बसवायची आणि नंतर त्यांची सर्व्हिस करायची, असा त्याचा धंदा आहे. "अरे, तू ते सीआरएम वापरतोस ना? कुठलं घेऊ सांग. दोन मिनिटांत सांग, गिऱ्हाईक समोर बसलंय."

दोन मिनिटांत काही मला सांगता आलं नाही. संध्याकाळी बोलतो म्हटलं, संध्याकाळी त्याचा फोन लागला नाही, आणि माझ्या डोक्यात मात्र ते चालूच राहिलं. म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. नुसतं नाव हवं असेल तर ते खाली येईलच. पण त्या नावापर्यंत पोचायला मला सात-आठ वर्षं लागली आणि वाटेत दोनदा सपशेल तोंडावर आपटलो. ते न सांगता नाव सांगण्यात काही अर्थ नाही.

आमचं सांगलीत हरभट रोडजवळ वजनकाट्यांचं दुकान आहे. विक्री थोडी, दुरुस्ती आणि पासिंग जास्त. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दुकानात वापरायचा इलेक्ट्रॉनिक काटा दर बारा महिन्यांनी वैधमापन खात्याकडून तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. जुना तराजू आणि वजनं असतील तर दोन वर्षांनी. मुदत उलटली आणि निरीक्षक दारात आले तर दंड. आम्ही परवानाधारक दुरुस्तीवाले. काटा खोलायचा, साफ करायचा, बरोबर करायचा, खात्यापुढे ठेवायचा आणि शिक्का मारलेला काटा प्रमाणपत्रासकट परत नेऊन द्यायचा. हळदीचे व्यापारी, बेदाणेवाले, सराफ, दूध संकलन केंद्रं, किराणा, मटणवाले, भंगारवाले... जिथे माप आहे तिथे आम्ही. एकदा विकलेला काटा दहा-बारा वर्षं चालतो, आणि तेवढी वर्षं दर वर्षी त्या दारात आपण जायचं असतं. आपण गेलो नाही तर दुसरा कुणीतरी जातो. बाकी धंद्यात फारसं काही नाही.

अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या काळात दुकानात दोन प्रकारची रजिस्टरं असायची. एक कायद्याचं. परवाना टिकवायचा तर ते ठेवावंच लागतं. कुणाचा काटा, कधी आला, काय दुरुस्त केलं, वगैरे. दुसरं लाल कापडी बांधणीचं, अण्णांचं स्वतःचं. त्यात काय असायचं? "तिघे भाऊ वेगळे झाले, काटा थोरल्याकडे, बिल धाकटा देतो." "दुपारी दोन ते चार जाऊ नये." "पैसे गणपतीनंतर." "काट्याखाली लाकडी पाट घालतात, रीडिंग हलतं, सांगून उपयोग नाही." असं पानोपानी. मी कॉलेजात असताना मला ते सगळं जरा गावठी वाटायचं. पुढे वाचलं, की अमेरिकेत रूझवेल्टच्या १९३२च्या प्रचाराचं काम बघणारा जेम्स फार्ली नावाचा माणूस होता, तो भेटलेल्या प्रत्येकाची बायको, मुलं, आजारपणं, आवडीनिवडी असं सगळं टिपून ठेवायचा. पुन्हा भेट व्हायच्या आधी ती टिपणं रूझवेल्टपुढे जायची. त्याला फार्ली फाइल म्हणतात आणि सीआरएमच्या पूर्वजांत ती धरतात. थोडक्यात, अण्णांच्या लाल वहीला चांगलं घराणं होतं.

पहिला आपटी-बार २०१३ सालचा. एका गावातल्याच माणसाकडून मी सॉफ्टवेअर घेतलं. एका सीडीवर आलं, सोबत कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं एक छोटं कुलूप. ते कुलूप काढलं की काही उघडायचं नाही. तीन वर्षं मी आणि माझी बायको रात्री बसून नोंदी घालत होतो. २०१६ मध्ये कुलूप बिघडलं. त्या माणसाने तोवर धंदा बदलला होता, फोन उचलेना. बॅकअप होता हो! दर शनिवारी घेतलेला, नीट तारखा घालून ठेवलेला. फक्त तो कुलपाशिवाय उघडत नव्हता. एखाद्याने आपल्याच घराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवावी तसं मी केलं होतं. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी नवीन लाल वही आणली.

मग आला २०१९चा ऑगस्ट. सांगलीकरांना काही सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो, कृष्णेचं पाणी आम्ही आयर्विन पुलाजवळच्या फुटांत मोजतो. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. त्या वर्षी ते सत्तावन्नच्या वर गेलं. दुकानात पाणी येणार हे दिसत होतं, म्हणून आम्ही सगळे मिळून माल पोटमाळ्यावर चढवत होतो. नवे काटे, सुटे भाग, बॅटऱ्या. वह्या खालच्या कपाटात होत्या. "वह्या काय, शेवटी उचलू", असं म्हणणारा मीच. शेवटी उचलायला वेळ मिळाला नाही.

पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तेव्हा चौदा वह्यांचा एक चिखलाचा ठोकळा झाला होता. अण्णा शाईच्या पेनाने लिहीत. पानं सुटी करून पंख्याखाली वाळवली, काही इस्त्रीने वाळवून बघितली. पानं वाळली. अक्षरं गेली होती.

आता उरलं एकच रजिस्टर, आणि ते म्हणजे आमचे मिस्त्री. अठ्ठावीस वर्षं दुकानात. मी शाळेत होतो तेव्हापासून त्यांना बघतोय. त्यांच्या डोक्यात हजारभर गिऱ्हाइकं आणि त्यांचे काटे असे पाठ, की रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या न वाचता सांगायचे. दिवाळीनंतर रोज संध्याकाळी सात ते आठ आम्ही दोघं बसायला लागलो. ते सांगणार, मी लॅपटॉपवर एक्सेलमध्ये भरणार. पहिले पंधरा दिवस काय मजा आली म्हणून सांगू! अण्णांच्या वहीतही नव्हतं असं बाहेर येत होतं. कोणत्या सराफाचा काटा पंख्याच्या वाऱ्याने हलतो, कोणत्या दूध केंद्राचा सचिव बदलला की जुन्याची बाकी कुणाकडे मागायची.

सोळाव्या की सतराव्या दिवशी मिस्त्री बोलता बोलता थांबले. म्हणाले, "दादा, हे समदं यात गेलं की मग माझं काय काम?"

मी हसण्यावारी नेलं. "काहीतरीच काय मिस्त्री, तुमच्याशिवाय दुकान चालेल होय?" असलं काहीबाही बोललो. ते मान हलवून उठले. दुसऱ्या दिवसापासून आले रोज, वेळेवर, पण सांगायचे नाव, गाव आणि काटा किती किलोचा. बास. गोष्टी बंद.

इथे मला एक कबूल केलं पाहिजे. हे सगळं करायचं खूळ माझ्या डोक्यात पुरामुळे आलेलं नव्हतं. २०१७ मध्ये आमच्याकडे सहा वर्षं शिकलेला एक पोरगा बाहेर पडला आणि त्याने स्वतःचं दुकान टाकलं. वर्षभरात आमची जवळजवळ दोनशे गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली. मी सगळीकडे सांगत सुटलो होतो, पोराने गिऱ्हाइकं चोरली. आणि तेव्हाच ठरवलं होतं, की आता गिऱ्हाइकाची माहिती माणसांच्या डोक्यात राहू द्यायची नाही, आपल्या ताब्यात ठेवायची. मिस्त्रींना हे मी कधी बोललो नव्हतो. पण अठ्ठावीस वर्षं काटे बघणारा माणूस, कुठे वजन जास्त पडतंय ते त्याला कळणारच.

ही सगळी कथा अण्णांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "त्याला तू हाताचा पगार देतोस. आता डोकं मागतोयस, तर त्याचं काय देणार ते आधी ठरव." एवढं बोलून पेपर वाचायला लागले. मला राग आला होता. हिशेब मांडायला बसलो तेव्हा राग कमी झाला. शेवटी मी कागदावर लिहून दिलं, की आपण दोघांनी केलेल्या यादीतल्या काट्याचं पासिंग झालं की दर काट्यामागे वीस रुपये मिस्त्रींचे, मग त्या दिवशी ते कामावर असोत वा नसोत. मिस्त्रींनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "कालचं ते दूध केंद्र लिवलं न्हवं, त्येचं अजून एक हाय..."

आता सॉफ्टवेअरकडे येतो. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, वेळच वेळ. मी दिसेल त्याची ट्रायल घेतली. डेमो देणारी मुलं हुशार आणि गोड बोलणारी. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "सर, तुमचा सेल्स फनेल कसा आहे?" फनेल म्हणजे नरसाळं. वरून पन्नास चौकश्या ओतायच्या, मधे त्या गाळत गाळत न्यायच्या आणि खालून पाच गिऱ्हाइकं बाहेर. त्याच्या प्रत्येक पायरीला नाव असतं. शेवटच्या पायरीला बहुतेक ठिकाणी "क्लोज्ड वन" म्हणतात, म्हणजे जिंकलो, विषय संपला.

पडद्यावर फटाके-बिटाके उडायचे आणि मी बघत बसायचो. आमचा विषय तिथे सुरू होतो हो! काटा विकला, आता बारा महिन्यांनी काय? त्यावर ही मंडळी म्हणायची, "सर, रिमाइंडर लावता येईल." रिमाइंडर तर माझ्या फोनमध्ये फुकट आहे.

यात त्यांची काही चूक नाही. ही जातच विक्रेत्यांसाठी जन्माला आली. १९९३ मध्ये सीबेल निघाली ती मोठ्या कंपन्यांच्या सेल्समनसाठी. १९९९ मध्ये सेल्सफोर्सने तेच काम इंटरनेटवरून भाड्याने द्यायला सुरुवात केली, तिच्या नावातच विक्री आहे. आपल्या चेन्नईच्या झोहोचं सीआरएम २००५चं. ते मी बरेच दिवस वापरून बघितलं, तीन माणसांपर्यंत फुकट, चालायला छान. पण सगळीकडे मूळ रकाना माणसाचा. माणूस, त्याची कंपनी, त्याच्याशी होऊ घातलेला सौदा. माझा मूळ रकाना काटा आहे. माणूस मरतो, भाऊ वेगळे होतात, फर्मचं नाव बदलतं, दुकान विकलं जातं, आणि काटा मात्र तिथेच, त्याच सिरियल नंबराचा. एका हळद व्यापाऱ्याकडे पाच काटे, पाचांच्या मुदती पाच वेगळ्या महिन्यांत. त्या व्यापाऱ्याच्या नावापुढे "पुढची भेट" असा एकच रकाना असेल तर मी काय लिहू?

हे मला डेमो बघून कळलं नाही. डेमोतलं गिऱ्हाईक कसं शहाण्यासारखं वागतं, एक नाव, एक फोन, एक सौदा. म्हणून मी वेगळं सुरू केलं. आमची पाच सर्वांत अवघड गिऱ्हाइकं काढली आणि प्रत्येक ट्रायलमध्ये आधी तीच घालून बघितली. पाच काट्यांचा तो हळदवाला. एकाच फोनवर दोन फर्म चालवणारा सराफ. सचिव बदलत राहणारं दूध केंद्र. नवरा गेल्यावर दुकान चालवणारी एक बाई, जिचं बिल अजून नवऱ्याच्या नावाने निघतं आणि तिला ते तसंच हवं आहे. आणि पाचवा एक आठवडी बाजारवाला, ज्याला पत्ताच नाही, फक्त वार आणि गाव. तीन-चार नावं तर अर्ध्या तासात बाद झाली.

दुसरी परीक्षा कुलपाच्या अनुभवातून आलेली. शंभर नोंदी आत घालायच्या आणि लगेच बाहेर काढायच्या. सगळ्या निघतात का, आणि निघालेली फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी अक्षरं शाबूत राहतात का. कितीदा तरी नावांच्या जागी नुसत्या चित्रविचित्र खुणा दिसायच्या. पुढे भाच्याने दाखवलं, की फाइल सरळ न उघडता यूटीएफ-८ निवडून आत घेतली की अक्षरं नीट येतात. पण शक्यतो हे पैसे भरायच्या आधी कळलेलं बरं.

तर नाव. आम्ही घेतलं ईआरपीनेक्स्ट. मुंबईच्या फ्रॅपे नावाच्या कंपनीचं आहे, मुक्त स्रोत, म्हणजे सॉफ्टवेअरचे पैसे नाहीत, ते ज्या सर्व्हरवर चालतं त्याचं भाडं द्यायचं. दर माणशी दर महिना असं मीटर नाही, त्यामुळे मिस्त्रींना वेगळं खातं द्यावं की नको हा प्रश्नच आला नाही. आणि मुख्य म्हणजे त्यात सिरियल नंबरची स्वतंत्र नोंद असते आणि देखभालीचं वेळापत्रक त्याला जोडता येतं. खरं तर ते नुसतं सीआरएम नाही, हिशेब, साठा, सगळंच आहे, आम्ही त्यातला कोपरा वापरतो. पुण्याच्या भाच्याने मांडून दिलं. मिस्त्रींना फॉर्म फार लांब वाटला, तर तीन चतुर्थांश रकाने लपवून टाकले. असा भाचा नसेल तर हे घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जानेवारी २०२१ मध्ये ते सुरू झालं आणि मी सहा महिने हवेत होतो. मुदतीच्या पंधरा दिवस आधी गिऱ्हाइकाला आपोआप एसएमएस जायचा. त्याचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, ट्रायचा नियम आहे, नंतर फक्त नाव आणि तारीख बदलते. आमचा मंजूर मजकूर असा, की आपल्या काट्याची मुदत अमुक तारखेला संपत आहे, दंड टाळण्यासाठी त्वरित संपर्क साधा.

जुलैच्या शेवटी पुन्हा पूर आला. पाणी पन्नाशीच्या पुढे. या वेळी वह्या नव्हत्याच, माल वेळेत उचलला, आणि मी घरी शांतपणे बसून होतो, की आपला डेटा ढगात आहे, त्याला पाणी लागत नाही. सकाळी दहा वाजता एका व्यापाऱ्याचा मेसेज आला, "काटा पाण्यात आहे. दुकानपण पाण्यात आहे. तुम्ही होडी घेऊन त्वरित या."

मला काही कळेना. मग कळलं. त्या आठवड्यात एकवीस जणांना आमचा मेसेज गेला होता. त्यातल्या अकरा जणांची दुकानं पाण्यात होती. दंड टाळण्यासाठी त्वरित संपर्क साधा! मी एकेकाला फोन करून माफी मागत बसलो. बहुतेक हसले. एक जण हसला नाही. "इतक्या वर्षांचा संबंध, अण्णा असते तर असं झालं नसतं", असं म्हणाला. अण्णा घरातच होते, शेजारच्या खोलीत. मी त्यांना काही सांगितलं नाही.

मिस्त्रींचा फोन मात्र लागत नव्हता. पाणी उतरायला लागल्यावर समजलं, ते पुलाअलीकडच्या वस्तीत आधीच फिरत होते. कुणाच्या दुकानात किती फुटाला पाणी शिरतं हे त्यांना पाठ. बेचाळीसला कुठल्या गल्लीत, सत्तेचाळीसला कुणाच्या उंबऱ्याला. पाणी चढत असताना दोघा-तिघांचे काटे त्यांनी स्वतः उचलून माडीवर ठेवले होते. बाकीच्यांना फोन करून सांगितलं होतं, की भिजलेला काटा चालू करून बघू नका, बॅटरी काढून ठेवा, मी येतो. पुढचा महिनाभर आम्ही लोडसेलमधला गाळ काढत होतो. त्या महिन्यात सॉफ्टवेअर मी उघडलंही नाही.

आणि त्यातले काही जण पूर्वी त्या पोराकडे गेलेले होते. मिस्त्री त्यांच्याकडेही गेले. मी विचारलं, "ते आपले कुठे आता?" मिस्त्री म्हणाले, "काटा तर मीच बसवलेला हाय की." यावर मला काही उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून चोरली हा शब्द मी वापरत नाही. त्या पोराने त्या दोनशे जणांचे काटे सहा वर्षं स्वतःच्या हाताने खोलले होते. काही मोबदला न ठरवता, नुसत्या पगारावर. लोक हातामागे गेले.

पुरानंतर दोन बदल केले. एसएमएस आपोआप जाणं बंद. सोमवारी सकाळी यादी निघते, मिस्त्री किंवा मी तीवरून नजर फिरवतो, मग पाठवायचे ते पाठवतो. दहा मिनिटांचं काम आहे. दुसरा बदल मिस्त्रींनी सुचवला. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे एक नवा रकाना, "किती फुटाला पाणी". अमेरिकेतल्या कुठल्या सीआरएमवाल्याला हा सुचला असता असं वाटत नाही. पाऊस लागला की त्या रकान्याप्रमाणे यादी लावतो आणि फोन करत सुटतो.

मित्रासाठी एवढंच, की तुझंही माझ्यासारखंच आहे, यंत्र विकल्यावर काम सुरू होतं. तेव्हा यंत्राचा रकाना कुठे आहे ते आधी बघ, आणि तुझी पाच अवघड गिऱ्हाइकं घालून बघ. आणि घरोघरी जाणारी तुझी ती दोन मुलं आहेत ना, त्यांच्याशी आधी बोल. मी उशिरा बोललो.

मिस्त्री आता गुडघ्यांमुळे आठवड्यातून तीनच दिवस येतात. वीस रुपयांचा हिशेब दर महिन्याला होतो. एक तारखेला मी सगळ्या नोंदी बाहेर काढतो, छापतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटमाळ्यावर ठेवतो. मिस्त्रींच्या खिशात अजून एक छोटी डायरी असते, तिच्यात ते काय लिहितात मी विचारलेलं नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर म्हटलं, "मिस्त्री, तीपण द्या, याच पिशवीत ठेवू, भिजणार नाही."

"नगं," म्हणाले, "माझं घर साठ फुटावर हाय."